कारणाचा रकाना

२०२४ सालच्या ऑगस्टच्या नऊ तारखेला मी माझे प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले. मुदत ३१ जुलैची होती. म्हणजे उशीर नऊ दिवसांचा. ३१ जुलैला आषाढ वद्य एकादशी होती हे मला पक्के आठवते, कारण त्या दिवशी बेळगावच्या एका रुग्णालयाच्या बाकावर बसून मी उपवासाचे केळे सोलत होतो आणि आत थोरले बंधू अतिदक्षता विभागात होते. आज महिनाअखेर आहे आणि आपण काहीतरी विसरलो आहोत, असा विचारही मनाला शिवला नाही.

माझे विवरणपत्र भरण्याचे काम एक जुना विद्यार्थी करतो. बडोद्याला रावपुऱ्यात त्याची लहानशी कचेरी आहे. संगणकात आकडे भरता भरता तो थांबला आणि म्हणाला, "सर, पाच हजार लागतील." कशाचे, असे मी विचारले. "उशिराचे. २३४ एफ." मी त्याला दादांचे आजारपण सांगितले. रुग्णालयाचे कागद पिशवीत होतेच, ते काढू लागलो. तो संकोचला. माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला मुलगा. मला काही नाकारणे त्याला जड जात असावे. अखेर त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "सर, तुमचं सगळं खरं आहे. पण यात कारण लिहायला रकानाच नाही."

पाच हजार भरले. ती गोष्ट तेथेच संपायला हवी होती. पण त्या नसलेल्या रकान्याने पुढे कित्येक दिवस माझा पिच्छा सोडला नाही. या लेखाचे निमित्त एवढेच आहे.

हिशेब आधी सांगून टाकतो. त्या आर्थिक वर्षातले माझे निवृत्तिवेतन ५,२८,००० रुपये. प्रमाणित वजावटीचे ५०,००० वजा जाता ४,७८,०००. मुदत ठेवींवरील व्याज १,४२,०००. एकूण ६,२०,०००. नव्या करप्रणालीत त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होता. बँकेने मात्र व्याजातून दहा टक्के, म्हणजे १४,२०० रुपये, आधीच कापून सरकारजमा केले होते. (पंधरा एच क्रमांकाचा अर्ज वेळेवर दिला असता तर ते कापले गेले नसते. तो मी दिला नव्हता. हा माझा पहिला आळस.) तेव्हा सरकारचे माझ्याकडे एका पैचेही येणे नव्हते, माझेच सरकारकडे १४,२०० रुपये येणे होते. स्वतःचे येणे मागायला मी नऊ दिवस उशिरा गेलो, म्हणून त्यातून पाच हजार कापले गेले. उत्पन्न पाच लाखांच्या आत असते तर हजारावर भागले असते. उरलेले ९,२०० नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यावर आले ते ९,३८४ होऊन. वरचे १८४ रुपये हे सरकारला लागलेल्या वेळाचे व्याज. माझे नऊ दिवस पाच हजारांचे आणि सरकारचे साडेतीन महिने एकशे चौऱ्याऐंशीचे, असा तो भाव पडला.

वाचक म्हणतील, निवृत्त मास्तरांना पाच हजार लागले आणि मास्तर तत्त्वज्ञान सांगू लागले. आरोप खोटा नाही. पण त्या दिवसांत मी माझा राग पुष्कळ तपासून पाहिला आणि त्यात पैशाचा वाटा मला वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला. बेळगावला जाताना सामानाची एक बॅग चोरीला गेली, तिच्यातही तीन-चार हजारांचा ऐवज होता. तिचे दुःख आठवड्यात विरले. हे विरेना. चोराने मला काही विचारावे अशी माझी अपेक्षा नव्हती. येथे ती होती, आणि ती कोठून आली होती हे मला कळत नव्हते.

पहिला धागा शब्दात सापडला. माझ्या मनात 'दंड' हा शब्द होता. कायद्यात तो नाही. कायद्यात आहे 'शुल्क'. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात २३४ एफ हे कलम २०१७च्या वित्त अधिनियमाने घातले गेले आणि २०१८-१९ या आकारणी वर्षापासून लागू झाले. त्याआधी २७१ एफ नावाचे कलम होते. त्यात दंड होता, आणि गंमत अशी की रक्कम तीच, पाच हजार. पण आकारणी वर्ष संपेपर्यंत विवरणपत्र आले नाही तरच तो दंड लागू होई. त्यातही अधिकारी दंड 'करू शकेल' असे म्हटले होते, करीलच असे नव्हे. दंड करण्यापूर्वी तुमचे म्हणणे ऐकून घेणे त्याला भाग होते. आणि २७३ बी कलमाने म्हटले होते की चुकीला वाजवी कारण होते असे तुम्ही दाखवून दिलेत, तर दंड होणार नाही. म्हणजे रकाना होता. २०१७ साली तो काढून टाकला, आणि तो काढता यावा म्हणून दंडाला शुल्क असे नाव दिले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. शुल्काला सुनावणी लागत नाही. रेल्वेच्या तिकिटासाठी कोणी तुमचे म्हणणे ऐकून घेत नाही. २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याने जुन्याची जागा घ्यावी असे ठरले. कलमांचे क्रमांक बदलले, शुल्काची कल्पना तीच राहिली.

दंडाविषयीचा आपल्या न्यायव्यवस्थेचा विचार एकेकाळी फार निराळा होता. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थान स्टील विरुद्ध ओरिसा राज्य या विक्रीकराच्या खटल्यात सांगितले, त्याचा आशय असा: दंडाची कारवाई ही जवळजवळ फौजदारी स्वरूपाची असते; माणसाने जाणूनबुजून कायदा धुडकावला असेल, अप्रामाणिकपणा केला असेल, तरच सामान्यतः दंड करावा; चूक केवळ तांत्रिक असेल तर, दंड करता येतो एवढ्याच कारणाने तो करू नये. पुढच्या निवाड्यांनी या तत्त्वाला बऱ्याच मर्यादा घातल्या, हे खरे. तरी मुळातला विचार उरतोच. शिक्षा करायची तर आधी मनाकडे पाहिले पाहिजे, आणि मनाकडे पाहायचे तर विचारले पाहिजे.

येथे मराठीतला एक शब्द मला उपयोगी पडला. आपण जबाबदारी म्हणतो. शब्द फारसीकडून आलेला, 'जबाब' त्यात उघड दिसतो. ज्याने जबाब द्यायचा तो जबाबदार. शाळेत चाळीस वर्षे मी "जबाबदारीने वागा" असे सांगत आलो आणि या शब्दात एक प्रश्न गृहीत धरलेला आहे हे कधी माझ्या लक्षात आले नाही. प्रश्न विचारणारा कोणीतरी हवा, त्याला माझे उत्तर ऐकायची तयारी हवी, आणि ते उत्तर पटण्याची किंवा न पटण्याची शक्यता हवी. जेथे जबाब मागितलाच जात नाही, तेथे मी देणेकरी असेन, गिऱ्हाईक असेन. जबाबदार मात्र कोणत्या अर्थाने? माझ्या अपेक्षेचे मूळ येथे असावे. चोर मला जबाबदार धरत नव्हता. राज्य तसे धरते असे मी समजत होतो.

ऑक्टोबरात दादांना भेटायला पुन्हा बेळगावला गेलो. ते काठी घेऊन अंगणापर्यंत चालू लागले होते. दादांची सारी नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये गेली, मिरज-लोंढा मार्गावर, धावत्या डब्यात टपालाची वर्गवारी करण्यात. त्यांच्यामुळे मला भुर्दंड पडला हे त्यांना कळू नये अशी माझी इच्छा होती. पण आमच्या घरात गुपित टिकत नाही. ऐकून त्यांनी विचारले, "काय म्हणतात त्याला? लेट फी? अरे, लेट फी आम्ही घ्यायचो." आणि मग त्यांनी सांगितले ते असे. थैली बंद होण्याची वेळ टळून गेल्यावर कोणी पत्र घेऊन धावत स्टेशनात आला, तर त्याने ठरलेल्या जादा किमतीचे तिकीट लावायचे. ते पत्र त्याच रात्री गाडीत चढे. जादा तिकीट नसेल तर पत्र पुढच्या टपालासाठी मागे राही. तेवढेच. त्याबद्दल पत्र टाकणाऱ्याला कोणी आणखी काही लावीत नसे. "आम्ही पैसे घेतले की पत्र रात्रीच्या गाडीनं जायचं," दादा म्हणाले. "तुझ्याकडून घेतले, तुला काय मिळालं?"

मला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न कोणा वकिलाने विचारला असता तर मी त्याचे कौतुक केले असते. शुल्क म्हणायचे तर बदल्यात काही मिळाले पाहिजे. काही न देता घेतलेले शुल्क म्हणजे नाव बदलून राहणारा दंडच.

या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले एक उत्तर आहे, आणि ते दादांच्या बाजूने नाही. टीडीएसची विवरणे उशिरा देणाऱ्यांना २०१२च्या जुलैपासून रोज २०० रुपये शुल्क लागू झाले. त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. फेब्रुवारी २०१५मध्ये न्यायालयाने ते शुल्क वैध ठरवले. आशय असा, की एकाचे विवरण उशिरा आले की दुसऱ्यांचे हिशेब अडतात, परतावे रखडतात, खात्यावर जादा कामाचा बोजा पडतो; शुल्क आहे ते त्या बोजाबद्दल, आणि ते भरून उशिरा विवरण देण्याची मुभा मिळते. टीडीएसच्या बाबतीत मला हे पटते. कापणाऱ्याच्या आळसाने ज्याचे कापले तो खोळंबतो. पण माझ्या नऊ दिवसांनी कोण खोळंबले? माझा परतावा. तो मला उशिरा मिळाला. रात्रीची गाडी निघून गेली होती आणि तिच्यात फक्त माझेच पत्र नव्हते.

शुल्काचा दुसरा परिणाम मला शेजाऱ्यांकडे दिसला. ते व्यापारी, स्वभावाने सरळ, कर भरण्यात कसूर न करणारे. माझे रडगाणे ऐकून ते हसले. "मास्तर, मी तर जुलैत भरतच नाही. पाच हजार आणि व्याज धरूनच चालतो. डिसेंबरात सवडीनं भरतो." त्यांच्या बोलण्यात बेदरकारी नव्हती, जी वस्तू विकत मिळते ती ते विकत घेत होते. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पाळणाघरांचा एक प्रयोग केला. २००० साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना लहानसा दंड लावला, तेव्हा उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढून टाकल्यावरही आकडा खाली आला नाही. ओशाळेपणाची जागा पैशाने घेतली होती आणि एकदा गेलेला ओशाळेपणा परत आला नाही. कांटने १७८५च्या आपल्या नीतिग्रंथात जिला किंमत असते ती गोष्ट आणि जिला प्रतिष्ठा असते ती गोष्ट, असा भेद केला आहे: किमतीच्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवता येते, प्रतिष्ठेच्या जागी काही ठेवता येत नाही. कर्तव्याला किंमत लावली की ते पहिल्या वर्गात जाते. शेजारी तेथे सुखाने राहतात. मला तेथे राहवत नाही, हा माझ्या पिढीचा दोषही असेल.

आता उलट बाजू, कारण ती मी टाळली तर हा लेख अप्रामाणिक होईल. मला कोणी विचारले असते, तर मी काय सांगितले असते? दादांना २४ जुलैला रुग्णालयात नेले. त्याच्या आधी एप्रिल, मे, जून आणि जुलैचे तेवीस दिवस मी बडोद्यातच होतो. पेन्शनचा दाखला जूनच्या मध्यापासून माझ्या टेबलावर, चष्म्याच्या घराखाली पडून होता. विद्यार्थ्याने दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा मी "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणालो होतो. कोणी खरोखर विचारले असते आणि मी खरे बोललो असतो, तर चांगला अधिकारी म्हणाला असता, "आजारपण आठ दिवसांचं, आळस चार महिन्यांचा." आणि मला मान खाली घालावी लागली असती. कदाचित पाच हजार तरीही भरावे लागले असते. पण मग ते माझ्या आळसाबद्दल भरले गेले असते आणि मला ते ठाऊक असते. आता काय झाले? कोणी विचारले नाही, म्हणून मी घरी, कट्ट्यावर, मंडळाच्या बैठकीत दादांचे आजारपण सांगत हिंडलो आणि चष्म्याच्या घराखालचा कागद कोणाला सांगितला नाही. पाच हजारांत मला एक तयार तक्रार विकत मिळाली. शुल्काने माझ्यावर केलेला अन्याय असलाच तर तो हा, की त्याने मला माझ्या चुकीपासून सोडवले.

विचारण्याची जुनी पद्धत फार चांगली होती असेही मला म्हणायचे नाही. माझ्या एका सहकाऱ्याला २७१ एफखाली कारणे दाखवा नोटीस आली होती, पंधरा वर्षांपूर्वी. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेस साहेब जागेवर नव्हते, दुसऱ्या खेपेस फाईल जागेवर नव्हती. तिसऱ्या खेपेस दोन अनोळखी माणसे शेजारी बसलेली असताना त्याला बायकोच्या शस्त्रक्रियेचे कागद टेबलावर पसरावे लागले. कसली शस्त्रक्रिया, हेही तोंडाने सांगावे लागले. साहेब सज्जन होते, त्यांनी दंड माफ केला. बाहेर आल्यावर सहकारी मला म्हणाला, "पाच हजार घेतले असते तर बरं झालं असतं." शिवाय ज्याला बोलता येते, ज्याची ओळख आहे, ज्याचा वकील चांगला आहे, त्याचेच कारण नेहमी वाजवी ठरते हे कोणाला माहीत नाही? आणि कारणाबरोबर पाकीटही सरकवावे लागे अशा गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. संगणकाला पाकीट लागत नाही, तो ओळख पाहत नाही. मास्तर आणि गिरणीमालक दोघांनाही तो सारखाच बहिरा असतो. या समतेला मी कमी लेखत नाही.

आणखी एक आठवण मला अडवते. महाराजा सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतले आणि बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. त्या परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या या गावात आमच्या मंडळाचेही एक लहान ग्रंथालय आहे आणि सहा वर्षे मी त्याचा चिटणीस होतो. उशिराबद्दल रोज चार आणे आम्ही घेत असू, तेव्हा मी स्वतःच एक छोटे खाते होतो. एकदा एक बाई आठ महिन्यांनी पुस्तक परत घेऊन आल्या. पुस्तक त्यांच्या यजमानांच्या नावावर होते. यजमान सहा महिन्यांपूर्वी गेल्याचे आम्हा सर्वांना ठाऊक होते. बाईंनी दिवस मोजून नेमकी रक्कम पाकिटात घालून आणली होती. मी म्हणालो, "अहो, हे राहू द्या." त्या ऐकेनात. "नाही सर, घ्या. पैसे घेतलेत म्हणजे पुस्तक परत केल्यासारखं होईल." मी घेतले, पावती फाडली, त्या निघून गेल्या. कारण मी विचारले नाही आणि त्यांना ते सांगावे लागले नाही, हीच त्या दिवशी माझ्याकडून झालेली चांगली गोष्ट. मी बळेच माफी दिली असती, तर जिना चढताना गोळा केलेला त्यांचा धीर त्या पाकिटाबरोबर मी परत केला असता.

तेव्हा विचारलेच पाहिजे असा नियम मला करता येत नाही. मुकाट्याने पैसे देऊन निघून जाण्याचा हक्कही माणसाला हवा. मला हवे आहे ते एवढेच, की ज्याला बोलायचे आहे त्याला बोलण्याची जागा असावी आणि पलीकडे वाचणारा कोणी असावा. रकाना कोरा सोडण्याची मुभा हवी. पण रकाना असला तरच तो कोरा सोडता येतो.

हे अशक्य आहे असे खाते म्हणेल. कोट्यवधी विवरणपत्रे, प्रत्येकाचे कारण कोणी वाचायचे? अडचण खरी आहे. पण खात्याला कारणे कळतच नाहीत असे नाही. करोनाच्या काळात मुदत पुन्हा पुन्हा वाढली. २०२०-२१ या आकारणी वर्षासाठी ती १० जानेवारी २०२१पर्यंत गेली. २०२५ साली ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि शेवटच्या घटकेला संकेतस्थळ अडखळले म्हणून आणखी एक दिवस मिळाला. म्हणजे संकेतस्थळाचे आजारपण हे वाजवी कारण ठरले. सर्वांवर एकदम कोसळलेली आपत्ती राज्याला दिसते. एकट्यावर आलेली दिसत नाही. विवरणपत्र भरण्याची अखेरची मुदतही उलटून गेली तर रास्त अडचण दाखवून विलंब माफ करून घेण्याचा अर्ज जुन्या कायद्यात होता. फार उशीर करणाऱ्याला बोलता येई. नऊ दिवस उशीर करणाऱ्याला नाही.

प्राचीनांनी हा प्रश्न पाहिलाच नव्हता असे नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अक्षपटलाविषयी, म्हणजे हिशेबखात्याविषयी, एक अध्याय आहे. तेथेही हिशेब आषाढात आणायचे आहेत. माझी वद्य एकादशी मला तेथे भेटली तेव्हा हसू आले. रोजचा हिशेब वेळेवर आला नाही तर महिनाभर वाट पाहावी आणि मग दर महिन्याला दोनशे पणांनी वाढता दंड करावा असे कौटिल्य सांगतो. थोडेच लिहायचे राहिले असेल तर आणखी पाच रात्री थांबावे, असेही. कौटिल्याला कोणी कोवळ्या मनाचा म्हणणार नाही, पण दंडाआधी वाट पाहायला तो सांगतो. त्याच अध्यायातली दुसरी तरतूद मला अधिक मोलाची वाटते. हिशेब देणारा हजर आहे आणि घेणारा तपासायला तयार नाही, तर घेणाऱ्याला दंड. उलट झाले, तर देणाऱ्याला त्याच्या दुप्पट. आता आपल्याकडे पाहा. थकलेल्या करावर नागरिकाने द्यायचे व्याज महिन्याला एक टक्का. थकलेल्या परताव्यावर सरकारने द्यायचे अर्धा टक्का. प्रमाण तेच, दुप्पट! फरक एवढाच, की कौटिल्याच्या अध्यायात दोन्ही बाजूंना राजाचेच पगारी नोकर होते आणि उशीर करणाऱ्या घेणाऱ्याला दंड स्वतःच्या पदरचा भरावा लागे. माझे १८४ रुपये कोणाच्या पदरचे गेले? तुमच्या-माझ्याच. आणि त्या १८४ रुपयांवरही पुढच्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून कर धरला जातो, हे विद्यार्थ्याने मला सांगितले तेव्हा मी रागावण्याच्या पलीकडे गेलो होतो.

२०२५ सालचे विवरणपत्र मी जूनमध्येच भरले. पंधरा एचचा अर्जही बँकेत एप्रिलमध्ये देऊन आलो. शहाणपण आले म्हणायचे की भीती, ते मी ठरवू शकलेलो नाही.

त्याच सुमारास आमच्या ग्रंथालयाने नोंदींसाठी संगणक घेतला. नव्या व्यवस्थेत विलंबाची रक्कम आपोआप निघते आणि सभासदाच्या खात्यावर चढते. ग्रंथपालाला तोंड उघडावे लागत नाही. कार्यकारिणीत सर्वांना ही सोय आवडली. मी आग्रह धरला की पैसे जरूर घ्या, पण परतीच्या नोंदवहीत एक रकाना ठेवा, 'उशिराचे कारण, सांगावेसे वाटल्यास'. यावर वीस मिनिटे चर्चा झाली. खजिनदार म्हणाले की सगळेच मग आजारपण लिहितील. अध्यक्षांनी विचारले की ती कारणे वाचणार कोण. मी म्हणालो, मी वाचीन. एकदाचा रकाना मंजूर झाला. पहिले दोन महिने तो कोराच होता. ऑगस्टमध्ये एका नवव्या इयत्तेतल्या मुलीने सोळा दिवस उशिरा पुस्तक आणले, सोळा रुपये भरले आणि त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले: "पुस्तक संपले होते, पण परत द्यावेसे वाटत नव्हते."